नवी गाडी, हिवाळा अन् बोअरचं खारं पाणी : रंग कसा सांभाळता?

पूर्णाकाठ
मंडळी, दसऱ्याला गाडी घेतली. गडद निळी. घरच्यांचा आग्रह पांढरीचा होता, मी ऐकलं नाही, त्यामुळे आता बॉनेटवर धूळ दिसली की सगळे आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघतात.

गाव दर्यापूर तालुक्यात. दारासमोर कडुनिंब, मागे टिनाचं शेड, पण शेडात सध्या कापूस आहे. म्हणजे कापूस विकेपर्यंत गाडी उघड्यावरच. रात्रभर दव पडतं, पहाटे कापसाच्या गाड्या जातात, त्यांची धूळ त्या दवावर बसते. बाबा सहाला उठून जुन्या धोतराच्या फडक्यानं गाडी पुसून काढतात. पाणी बोअरचं. मीटर बुडवला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दोन हजारांच्या वर. त्या पाण्यानं धुतली की काचांवर आणि दारांवर पांढरे ठिपके.

इंटरनेटवर हिवाळ्यात गाडीचा रंग कसा जपायचा ते शोधलं, तर जो तो बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ यावरच बोलतो. आपल्याकडे बर्फ कुठला? शोरूमवाल्यानं कोटिंगचा पाच आकडी भाव सांगितला होता, मी हात जोडले. आपल्या भागात होळीपर्यंत गाडी कशी आणि कशानं धुवायची, हे कोणी अनुभवाचं सांगेल का?

वऱ्हाडीठसका
अभिनंदन भाऊ! पेढे कुठी हायेत?
बाकी पयले बाबाच्या हातातलं फडकं काढून घ्या. मंग बाकीचं पाहू.

रंगकाम
ठसकाभाऊ गमतीत बोलले, पण मुद्दा तोच आहे. अमरावतीला माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवर ओरखड्यांची जी जाळी दिसते, ती बहुतेक पुसण्याची असते. काट्याकुट्यांचे ओरखडे वेगळे ओळखू येतात.

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदापेक्षा फार काही जाड नाही. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला चाळीस-पन्नास मायक्रॉन. गाडीची चमक त्या तेवढ्या थरात आहे. पॉलिश करणारा ओरखडा काढतो म्हणजे काय करतो, तर आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणतो. हे किती वेळा करता येईल, तुम्हीच बघा.

आपल्या रस्त्यावरच्या धुळीत मुरूम असतो, वाळू असते. वाळूचा कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. दवानं धूळ ओली होते, पण वाहून जाण्याइतकं पाणी त्यात नसतं. अशा अर्धवट ओल्या धुळीवर फडकं फिरवणं हे कोरडं पुसण्याइतकंच वाईट. उलट ओलं दिसतं म्हणून माणूस जोर लावून पुसतो.

उन्हात गाडी तिरपी उभी करून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या की समजायचं. गडद रंगावर त्या लवकर दिसतात. पांढऱ्यावरही असतात, फक्त दिसत नाहीत.

पूर्णाकाठ
दिसल्या. बॉनेटवर आणि ड्रायव्हरच्या दारावर. बाबा उजव्या हातानं पुसतात, त्यामुळे गोल गोल फिरलेल्या आहेत.
आता त्यांना थांबवायचं कसं हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न.

रानजाई
थांबवू नका, काम बदलून द्या. आमच्या सासऱ्यांना मी काचांचं खातं दिलं. पुढची, मागची, आरसे. त्याला वेगळं फडकं, वेगळी बाटली. काचेला तसा लवकर ओरखडा पडत नाही, त्यांची सकाळही चांगली जाते.

वऱ्हाडीठसका
ताई, तुमचा हा सल्ला तं गाडीपेक्षा घरालेच जास्त कामी येईन.

क्षारवाला
मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून पाण्याबद्दल बोलतो. पूर्णाकाठ, तुम्ही "आपल्याकडे बर्फ नाही" म्हणून ते सगळं सोडून दिलं, पण तुमच्या गावापुरता त्यातला अर्धा भाग लागू आहे. थंड देशात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाला लागतं आणि पत्रा गंजतो. तुम्ही राहता खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतलं पूर्णेचं खोरं, तिथलं भूजलच खारं. म्हणजे तिकडचे लोक मीठ लागलं म्हणून गाडी धुतात आणि आपण धुताना मीठ लावतो.

ठिपके मात्र दोन प्रकारचे असतात. पाण्यात साधं मीठ असेल तर सुकल्यावर पांढरी भुकटी राहते, ती चांगल्या पाण्यानं विरघळून जाते. रंगाला तिचा तसा त्रास नाही. त्रास आहे जिथे गोटी लागून रंग उडालाय, दाराच्या खालच्या कडा आहेत, चाकाच्या वरची पोकळी आहे तिथे. मिठातलं क्लोराइड आणि ओल एकत्र आले की उघडा पत्रा झपाट्यानं गंजतो. दुसरा प्रकार जड पाण्याचा. त्यातलं कॅल्शियम सुकताना कार्बोनेट होऊन चिकटतं, ज्यानं घरातल्या गिझरच्या कॉइलवर थर चढतो तेच. ते साध्या पाण्यानं जात नाही. आपल्याकडच्या बोअरला बहुधा दोन्ही असतं.

टीडीएस मीटर नुसता एकूण आकडा सांगतो, त्यात मीठ किती आणि कॅल्शियम किती हे सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तुमचं पाणी त्याच्याही वर. एवढ्या पाण्यानं गाडी धुवून उन्हात सुकू दिली तर ठिपके येणारच, शाम्पू कोणताही वापरा.

पूर्णाकाठ
सर, मग काय गाडी धुवायचीच नाही?

रानजाई
धुवायची, पण शेवटचं पाणी बोअरचं नको. सगळी गंमत शेवटच्या पाण्यात आहे.

माझं गाव अकोट तालुक्यात आहे. आमच्याकडे ८४ खेडी योजनेचं, म्हणजे वान धरणाचं नळाचं पाणी येतं, पण रोज येत नाही. ते गाडीसाठी कोण देणार? म्हणून मी असं करते. फवारणीचा बॅटरीवाला पंप असतो ना, सोळा लिटरचा, तसा एक गाडीसाठी वेगळा घेतला. वेगळाच घ्या. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी गाडीला आणि स्वतःच्या हातांना लावायचा नाही. पाठीवर घ्यायची गरज नाही, स्टुलावर ठेवायचा.

त्यात बोअरचं पाणी भरून छतापासून खाली फवारत यायचं. सूर्य वर आलेला पण बॉनेट अजून हाताला गार लागतंय अशी वेळ. रात्रीच्या दवानं धूळ आधीच भिजलेली असते, ती लवकर सुटते. पंपाला जोर नसतो म्हणून घाई करायची नाही, एकेका भागावरून पाणी मातकट यायचं थांबेपर्यंत फवारायचं. हात अजून लावायचा नाही. चाकाच्या वरच्या पोकळीत काळी माती अडकलेली असते. ओलीत सुरू झालं की पांदणीतून येताना ती तिथे बसतेच, आणि ओल धरून ठेवते. ती आधी काढायची, त्यासाठी जुना ब्रश, जो परत रंगाला लागणार नाही.

मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, अर्धं दार धुवायचं, साध्या पाण्यात खंगाळायचा, मग परत शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जी वाळू बसते ती एकदा बघा, नंतर एका बादलीत धुवायची इच्छा होणार नाही. दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी.

शाम्पू बोअरच्या पाण्यानंच काढायचा. पण ते सुकायच्या आत आरओच्या प्लांटवरचा एक जार, वीस लिटर, पंपात भरून छतावरून सावकाश सोडायचा. सोळा लिटर पंपात जातं, उरलेलं काचांना आणि फडकं पिळायला. मग मोठा मायक्रोफायबरचा टॉवेल अंथरून नुसता दाबायचा आणि उचलायचा. हिवाळ्यात पाणी लगेच सुकत नाही, म्हणून हे आरामात होतं. मे महिन्यात हेच करताना एका बाजूचं सुकून जातं.

वऱ्हाडीठसका
ताई, आरओच्या मशीनमंधून जे फेकाचं पाणी निघते ते चालन का? आमच्या इथं प्लांटवाला नालीत सोडते, फुकटचं हाय.

क्षारवाला
ते तर अजिबात नको. आरओ गोड पाणी एका बाजूला काढतो आणि उरलेले क्षार त्या फेकायच्या पाण्यात गोळा होतात. तुमच्या बोअरपेक्षाही खारं. जाराचंच घ्या.

पूर्णाकाठ
रानजाई ताई, हे फार कामाचं सांगितलंत. आधीच जे ठिपके बसलेत त्यांचं काय? गावात एकजण म्हणाला संडास साफ करायचं ॲसिड पाण्यात टाकून पूस.

रंगकाम
त्याला नमस्कार करा आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी या. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चमकत्या पट्ट्या, अलॉयची चाकं, नटबोल्ट, सगळं काळवंडतं, आणि वासानं तुमचाही जीव जाईल.

पांढरा व्हिनेगर आणा, किराणा दुकानात मिळतो. अर्धा व्हिनेगर, अर्धं जाराचं पाणी. गाडी धुतलेली आणि गार हवी. फडकं भिजवून ठिपक्यांवर मिनिटभर ठेवा, घासू नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. कॅल्शियमचे ठिपके असतील तर जातील. काचेवरचे जुने ठिपके कधी कधी यानंही जात नाहीत, ते पॉलिशचं काम. व्हिनेगरनं वॅक्स, म्हणजे रंगावर लावलेला मेणाचा थर, उतरतं, म्हणून नंतर वॅक्स लावा. लिंबू चालेल का असं कोणी विचारायच्या आत सांगतो, चालतं, पण बिया आणि चोथा बोटाखाली घासला जातो. व्हिनेगर बरा.

वानरसेना
तुमचे ठिपके तरी जातील. आमच्याकडे मेळघाटाच्या पायथ्याला वानरं छतावर उड्या मारतात, आरशात आपलं तोंड बघून आरसा उपटतात. त्यावर कोणतं कोटिंग आहे?

वऱ्हाडीठसका
हनुमान चालिसा कोटिंग. वर्षाची वॉरंटी.

रानजाई
आरसे मिटून ठेवा आणि वर जुनी सॉक्स घाला. खरंच सांगते, चालतं.

संत्रा_आंबिया
वरुडहून. बागायतदारांसाठी एक वेगळी गोष्ट. गाडी बागेत धुऱ्यावर उभी करत असाल तर वारा बघून उभी करा. संत्र्याच्या खोडाला बोर्डोमलम लावतात, वर बोर्डोमिश्रण फवारतात, त्यात मोरचूद आणि चुना. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो. त्याचे थेंब गाडीवर सुकले की निळसर-पांढरे डाग पडतात आणि चुना चिकटून बसतो. ओले असतानाच पाण्यानं घालवा. सुकल्यावर नखानं खरवडू नका.

दुसरं, आंब्याखाली गाडी लावू नका, विशेषतः मोहर आला की. मोहरावर तुडतुडे येतात, त्यांच्या अंगातून गोड चिकटा पडतो. सकाळी गाडीवर बारीक चिकट थेंबांची रांगोळी असते. त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी. साध्या पाण्यानं निघत नाही, शाम्पू लावून भिजत ठेवावं लागतं. कडुनिंब त्यामानानं बरा, पण त्यावर पाखरं बसतात ते आलंच.

रंगकाम
पाखरांची विष्ठा हिवाळ्यातही सोडू नका. त्यात युरिक ॲसिड असतं, आणि दुपारी आपल्याकडे ऊन चांगलं तापतं. रंग तापून फुगतो, रात्री आकसतो, त्यात तो डाग बसून जातो. डिकीत पाण्याची बाटली आणि टिश्यू ठेवा. ओला टिश्यू वर ठेवून मऊ होऊ द्या, मग उचला.

शेतकरीपुत्र_८१
मी वाचलं होतं की दवच आम्लधर्मी असतं. हरभऱ्यावरचं दव बघा, सकाळी शेतात गेलं की चपलेचं कातडं खराब होतं. मग तेच दव गाडीवर पडतं ना?

क्षारवाला
चांगला मुद्दा काढलात, पण ती आंब दवाची नाही, हरभऱ्याची. हरभऱ्याच्या पानांवरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, दव ते धुऊन घेतं. पूर्वी लोक रात्री हरभऱ्यावर कापड अंथरून सकाळी पिळून आंब काढायचे, पोटदुखीवर द्यायचे. गाडीवर जे दव पडतं ते हवेतल्या बाष्पाचं. निरभ्र रात्री छताचा पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो, म्हणून दव आधी छतावर आणि बॉनेटवर दिसतं. मुळात ते जवळपास शुद्ध पाणी. त्यात बाधा येते ती खाली बसलेल्या धुळीची.

घुग्घुसकर
आमच्याकडे त्या धुळीत कोळसा असतो. वणी, घुग्घुस, बल्लारपूर पट्ट्यातले कोळशाचे ट्रक आणि चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख. सकाळी बोट फिरवलं तर बोट काळं. राखेचे कण पिठासारखे मऊ वाटतात म्हणून लोक कोरडे झटकतात, पण त्यात सिलिका असते. आमच्या भागात पिसांचा किंवा मेणाचा डस्टर विकणाऱ्याला तडीपार केलं पाहिजे. लोक तोच डस्टर आयुष्यभर वापरतात, गेल्या महिन्याची राख त्यातच.

मी एक गोष्ट पाळतो. खूप राख असेल आणि धुवायला वेळ नसेल तर गाडी तशीच चालवतो. मळकी गाडी लाजिरवाणी असेल, पण रंग शाबूत राहतो.

डिझेलपुसे
तुम्ही लोक लय खर्च करून राहिले. आमच्या इकडे ट्रॅक्टर काय अन् गाडी काय, फडक्याला थोडं डिझेल लावलं की आरशासारखी चमकते.

रंगकाम
चमकते, कारण तेलाचा थर बसतो. त्या तेलावर संध्याकाळपर्यंत दुप्पट धूळ चिकटते, आणि दारांच्या रबराला डिझेल लागून ते फुगतं, मऊ पडतं. ट्रॅक्टरला दारंच नाहीत, म्हणून तिथे कळत नाही.

डिझेलपुसे
हे मात्र पटलं. रबर निघूनच आलं आहे एका बाजूचं.

पूर्णाकाठ
आता वॅक्सचं सांगा. शोरूमवाला म्हणाला होता, नव्या रंगावर तीन महिने काही लावू नका, नाहीतर आमच्याकडूनच कोटिंग करून घ्या. दोन्ही एकदम कसं खरं?

रंगकाम
त्यातलं एकही नाही. थांबायची गोष्ट माझ्यासारख्याच्या गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या गाडीची. तिथे रंग सावकाश वाळतो, आतलं थिनर उडायला वेळ लागतो. कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का करतात. गाडी तुमच्या दारात येते तेव्हा तो कधीच तयार झालेला असतो, वॅक्स पहिल्या धुण्यानंतर लावलं तरी चालतं.

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. पाणी घसरतं, धूळ कमी धरते, वर्ष-दोन वर्षं टिकतं. पण ते ओरखड्यांपासून वाचवतं असं जे सांगतात ते ऐकू नका. आणि खाऱ्या पाण्याचे ठिपके सिरॅमिकवरही पडतात, कधी कधी जास्त ठळक, कारण पाणी थेंब थेंब होऊन बसतं. दगडापासून वाचायचं असेल तर पारदर्शक फिल्म, पीपीएफ. ती महाग. बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेपुरती लावून घेतली तरी समृद्धी महामार्गावर रोज जाणाऱ्याला उपयोग होतो. तुमचा प्रवास गाव ते तालुका असेल तर साधं पेस्ट वॅक्स घ्या, दोन-तीन महिन्यांनी परत लावा. उन्हाळ्याच्या तोंडाला सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच लावायचा कृत्रिम थर, तो उन्हात जास्त टिकतो.

वॅक्स लावताना एकच. थंडीत सकाळी डबा कडक असतो, उन्हात ठेवून मऊ करा, पण गाडी सावलीत. अगदी पातळ लावा. जाड लावलं तर निघता निघत नाही आणि मग माणूस रगडतो.

घुग्घुसकर
कव्हरबद्दल कोणी बोललं नाही. मी वापरणं सोडलं. धुळीवर कव्हर टाकलं की वाऱ्यानं ते रात्रभर रंगावर घासतं.

पूर्णाकाठ
बाबा कव्हर आणायच्याच विचारात आहेत. शेड रिकामं झालं की तिथेच लावेन म्हणतो.

रंगकाम
टिनाच्या शेडात एक बघा. थंडीत टिनाच्या आतल्या बाजूला दव जमतं आणि खिळ्यांवरून थेंब थेंब गळतं. टिन गंजलेलं असेल तर ते पाणी तांबूस येतं. एका रेषेत ठिपके दिसले तर वर बघा. गाडी फूटभर सरकवून लावली तरी भागतं, किंवा वर ताडपत्री बांधा, गाडीला न टेकणारी.

कव्हर आणलंच तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच टाका. दव असताना टाकलं तर ओल आत कोंडते.

रानजाई
अजून एक राहिलं. पूजेचं काही उरलंय का बॉनेटवर? दसऱ्याला घेतली म्हणजे स्वस्तिक काढला असेल.

पूर्णाकाठ
कुंकवाचा. आईनं तेलात कालवून काढला. धुतल्यावरही गुलाबी सावली राहिली आहे. हाराच्या तारेचा ओरखडा वेगळा.

रानजाई
हळदीचा डाग उन्हानं आपोआप फिका पडतो. बाजारी कुंकवात रंग असतो, तो जास्त धरतो. शाम्पूनं दोनदा धुऊन बघा. नाही गेला तर थोडं पॉलिश हातानं लावून, तेवढ्याच भागावर. आणि पुढच्या वेळी स्वस्तिक काचेवर काढायचा. मी सासूबाईंना म्हटलं, काचेतून देव नीट बघतो. त्यांना पटलं.

क्षारवाला
त्या तारेच्या ओरखड्यात पत्रा दिसतोय का बघा. दिसत असेल तर ते आधी करा. बाकी सगळं नंतर, कारण तुमच्या पाण्यात तो लगेच धरणार.

पूर्णाकाठ
आत्ताच टॉर्च लावून पाहिलं. पांढरट दिसतंय, पत्रा नाही.

रंगकाम
मग प्रायमरपर्यंतच गेलाय. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड लिहिलेला असतो. त्या कोडचं टचअप पेन मागवा. कोरडा दिवस बघून, ओरखड्यातच भरा, बाहेर पसरवू नका. दुपारी बारानंतर भरा, तोवर दव पूर्ण उडालेलं असतं.

वऱ्हाडीठसका
माया काळ्या स्कूटीले बी हेच सगळं लागू हाय का? दोन बादल्या अन् जार?

रानजाई
हो भाऊ, जार अर्धाच पुरेल. पण सीटखालच्या वायरिंगवर पंप मारू नका.

वऱ्हाडीठसका
अर्धा जार मंग चहाले.